फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

॥ श्री वैजनाथ ॥

अंबाजोगाई,
श्रावण वद्य तृतीया, सोमवार, शके १८५३

प्रिय दानम्मा,

आशीर्वाद. हे पत्र म्हाळू तुझ्या हातात देईल, दुसऱ्या कुणाच्या नाही. त्याला तीनदा बजावलं आहे. टपालानं धाडलं नाही, कारण टपालानं आलेलं पत्र तुझ्या घरी आधी कोण उघडतं हे मला आता माहीत आहे. हातात पडल्याबरोबर परसात जा आणि एका बैठकीत वाच. नंतर वाचू म्हणून ठेवू नकोस. कागदाच्या दोन्ही बाजू वापरल्या आहेत आणि अक्षर बारीक काढलं आहे, तेवढं सांभाळून घे.

इकडची खबर आधी सांगून टाकते, म्हणजे मधे थांबायला नको. आप्पांचा गुडघा बरा आहे, फक्त दुकानाची पायरी चढताना हात भिंतीला लावतात. चंद्रभागा आत्यांनी श्रावणातले सोमवार धरलेत. दिवसभर उपाशी राहतात आणि दिवेलागणीला घरातल्या प्रत्येकावर एकेकदा चिडतात. कपिला व्यायली, कालवड झाली. दुकानाच्या वह्या अजून माझ्याच हातात आहेत, नवा मुनीम काही मनासारखा मिळत नाही. मी धडधाकट आहे.

तू अधिकात आली नाहीस; जावईबापू एकटेच आले. पंचमीला आप्पांनी म्हाळूला गाडी घेऊन धाडलं, गाडी रिकामी परत आली. माझ्या दोन कार्डांना उत्तर नाही. काम आहे, पाऊस आहे, तान्ही पोर आहे, अशी कारणं मी याला लावून पाहिली. लागत नाहीत. रतनबाई कासारीण सांगते तेच खरं असणार. माझ्यावरून तुझं मन उठलं आहे. का उठलं ते मला कळतं, आणि तुझं चुकलं असंही मी म्हणणार नाही. ज्या गोष्टीवरून ते उठलं ती तुझ्या कानावर जशी आली तशीच घडली. रतनबाईनं त्यात पदरचं काही घातलेलं नाही. फक्त तिचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. तो माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता, आणि मलाही नीट कळायला तीन महिने गेले.

ती चैत्र वद्यातली नवमी होती. अंगणात शेवयांचा घाट घातला होता. शेजारच्या चार-पाच बायका मदतीला आल्या होत्या. मी पाटावर बसून शेवया ओढत होते, आत्या खाली बसून झेलत होत्या आणि काठीवर टाकत होत्या. पंडित टपालवाला एरवी हाका मारत आत येतो, पाणी मागतो, कुणाच्या घरी काय शिजतंय ते सांगतो. त्या दिवशी तो फाटकाशीच थांबला. एक कार्ड त्यानं ओट्याच्या कडेला ठेवलं आणि चार पावलं मागं सरून उभा राहिला. घाटनांदूरचं हाय काकी, एवढंच म्हणाला आणि पागोटं काढून हातात घेतलं. कार्डाचा कोपरा फाटलेला होता.

कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताची खबर, हा दस्तूर तुलाही माहीत आहे. असं कार्ड घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि वाचून झालं की तिथंच फाडून टाकायचं. आपल्यात सुतक नाही. मठातले स्वामी दरसाल समजावून सांगतात की लिंगधारी माणसाला कसलं सुतक. आपण माना डोलावतो. पण फाटक्या कार्डाला आपणही गावाइतकंच भितो. तुझे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण रेवणसिद्धआप्पांनी तुला धाडलं नव्हतं, तिकडची सुईण हुशार आहे म्हणून निरोप आला होता, आणि व्याह्यांचा निरोप म्हणून आम्ही तो ऐकून घेतला होता. तेव्हा घाटनांदूरचं फाटकं कार्ड म्हणजे काय, हे अंगणात कुणी कुणाला सांगावं लागलं नाही.

आत्या शेवयांच्या काठीसकट जमिनीवर बसल्या आणि त्यांनी हेल काढला. तुला माहीत आहे त्यांचा आवाज. तू तीन वर्षांची असताना हौदात पडलीस ते, तुला गोवर आला तेव्हा त्यांनी कडुनिंबाचा पाला आणला ते, तू त्यांच्या ताटातली भाकरी पळवायचीस ते, सगळं त्यांनी सुरात म्हणायला घेतलं. पिठाच्या हातांनी कपाळ बडवल्यामुळं कपाळावरचं भस्म आणि पीठ एक झालं. शेजारणी त्यांच्या गळ्यात पडल्या. त्यातल्या एकीनं तर तुला उभ्या जन्मात दोनदा पाहिलं असेल, तिचे डोळे सगळ्यांत जास्त वाहत होते. तिला मी खोटी म्हणत नाही. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते, ते रडणं खरंच होतं. पंडितही रडत होता.

मी उठले, हात पदराला पुसले, कार्ड उचललं. ते पालथं घालून परातीखाली सरकवलं. मग परत पाटावर बसले आणि उरलेला गोळा संपेपर्यंत शेवया ओढल्या. झेलायला कुणी नव्हतं, त्या खाली चादरीवर पडत राहिल्या आणि एकमेकींना चिकटल्या. एवढ्या बायकांत वाचता येणारी मी एकटी. सोलापूरला मामांकडं राहून मॅट्रिक झालेली, मोडी वाचणारी, बाळबोध वाचणारी. त्या कार्डावर चार ओळी असतील. त्या मी वाचल्या नाहीत. बायकांना वाटलं, बाईला धक्का बसलाय. एकीनं माझे दंड धरून हलवलं, रड गं माय, मोकळी हो म्हणाली. मी तिला म्हटलं, पीठ वाळतंय. हेही रतनबाईनं तुला सांगितलं असेलच. ते मी म्हटलं.

कुणीतरी दुकानाकडं पळालं होतं. आप्पा आले ते बोडक्यानं, अनवाणी. त्यांनी मला काही विचारलं नाही. भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. पंचवीस वर्षांच्या संसारात मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. तोवर गोळा संपला होता. मी हात धुतले, परातीखालचं कार्ड काढलं आणि मोठ्यानं वाचलं. अष्टमीस सकाळी कन्या झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप, स्वामींनी लिंगधारणा केली, बारशाची तिथी मागाहून कळवू. कोपरा टपालाच्या पिशवीच्या बकलात अडकून फाटला होता. पंडितनं दुसऱ्या दिवशी नारळ आणून माझ्या पायावर डोकं ठेवलं. त्याची काय चूक म्हणा.

अंगणाचं काय झालं ते तू ओळखशील. ज्या बायका गळ्यात पडून रडत होत्या त्याच गळ्यात पडून हसायला लागल्या. आत्यांनी तर त्याच दमात, तोच सूर धरून, तुझ्या लेकीला आशीर्वाद दिले. आप्पांनी साखर वाटली. आणि तेव्हा मी रडले, दानम्मा. उठायला गेले तर पाय उचलेनात. दात एकमेकांवर आपटत होते, चैत्राच्या उन्हात मला हुडहुडी भरली, आणि डोळ्यांतून जे सुरू झालं ते साखर वाटून संपली तरी थांबेना. आत्या हसत हसत माझ्याजवळ आल्या आणि मग त्यांचं हसू गेलं. त्या म्हणाल्या, "आता कावून रडायलीस वहिनी? लेक जित्ती हाय की."

हेच वाक्य गावभर झालं. लेक मेली म्हणून कळलं तवा आई शेवया करत बसली, आन जित्ती हाय, पोरगी झाली म्हणून कळलं तवा रडली. कुणी म्हणालं नातीला रडली, मुलगा हवा होता. कुणी म्हणालं शिकलेल्या बायकांचं काळीज असंच असतंय. बारशाला मी आत्यांबरोबर आले तेव्हा हे अजून तुझ्यापर्यंत आलं नव्हतं. तुझ्या सासूबाई तुझ्या शेजारून हलल्या नाहीत. तू मला विचारलंस, प्रवास बरा झाला का. मी म्हटलं, झाला. तेवढंच आपलं बोलणं. मग ज्येष्ठात रतनबाई बांगड्या घेऊन तुझ्याकडं आली. परत येताना ती आमच्या ओट्यावर टेकली. वाईट बाई नाही ती. बोलून गेल्यावर तिची तिलाच रुखरुख लागली होती म्हणून सांगायला आली. म्हणाली की तू सगळं ऐकून घेतलंस, हात पुढं केलास आणि बांगड्या भरून घेतल्यास. शेवटच्या बांगडीला म्हणालीस, "आईला काई वाटतच न्हाई. लहानपणापासून बघते मी."

हे तू म्हणालीस याचं मला आश्चर्य नाही. मला स्वतःलाही बरीच वर्षं असंच वाटत आलं आहे. पूजेला बसते तेव्हा आत्यांच्या डोळ्यांना धार लागते. मी हातातल्या लिंगाला बेल वाहते, भस्म लावते, मंत्र म्हणते आणि उठते. कपिलधारेच्या यात्रेत बायका भजनात भान हरपतात, मी त्यांच्या चपला राखत बसते. एकदा स्वामींना विचारलंही होतं की माझी भक्ती कोरडी आहे का. ते म्हणाले, तू रोज बसतेस का? मी म्हटलं, बसते. ते म्हणाले, मग दुसरं मला काय विचारतेस. माझं तेवढ्यानं समाधान झालं नव्हतं. पण तू बांगड्या भरताना जे म्हणालीस, त्यानंतर मी याचा विचार करायला बसले. मला सवय आहे, जे जुळत नाही ते जुळेपर्यंत सोडवत नाही.

तुला मी माझ्या आईचं कधी सांगितलेलं नाही. ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. सोलापूरच्या घरात बायका जमल्या, रडायला लागल्या, आणि मीही रडले, इतकी की मामीनं मला उचलून दुसऱ्या घरी नेलं. त्या वेळी मला आई गेल्याचं काही कळलेलं नव्हतं. मला रडणं आलं होतं, एवढंच. ते शिंक आल्यासारखं किंवा भूक लागल्यासारखं अंगाला आलं आणि रात्री जेवल्यावर गेलं. पुढं आठ-नऊ महिन्यांनी मामी माझे केस विंचरत होती. केसात गुंता होता, तिनं तो सोडवला नाही, ओढला. दुसरं काही झालं नाही. पण त्या क्षणी मला कळलं की आता माझा गुंता सोडवत बसणारं कुणी नाही. डोळ्यात पाणी नाही, छातीत धडधड नाही. मी नीट मान ताठ करून बसले होते. पण ते जे कळलं ते अजूनही गेलेलं नाही. तुझ्या केसांचा गुंता मी दातांनी सोडवायची, तू कंटाळायचीस, ते त्यामुळं.

तेव्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं माझं मत झालं आहे. एक उमाळा. तो अंगाला येतो. हात गार पडतात, घसा दाटतो, पाय लटपटतात, आणि बाहेरच्याला दिसतो. तो कशानंही येतो. कुणाच्या सुरानं, वासानं, फाटक्या कार्डानंही येतो. तू जिवंत होतीस, आणि अंगणभर बायकांना तुझ्या मरणाचा खराखुरा उमाळा आला होता. दुसरी जाणीव. आपल्याला काय वाटतं आहे हे आपल्यालाच कळणं. ती दिसत नाही. बहुतेक वेळा उमाळा पुढं येतो आणि जाणीव त्याच्यामागून येते, म्हणून लोकांना ती एकच वस्तू वाटते. माझ्यात या दोहोंची चुकामूक होते. मला कुणी तसं घडवलं की मी अशीच जन्मले, ते वैजनाथाला माहीत.

आणि उमाळा न येताही जाणीव होते असं सांगणारी मी, दुसऱ्याचा उमाळा दिसत असून त्याचा अर्थ न लावणारी निघाले. हे मला तुला सांगायचं आहे, कारण हा माझा दोष आहे, स्वभाव नव्हे.

मागच्या सालच्या पंचमीला तू आली होतीस. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. न्हाणीत माझ्या हातून तांब्या निसटून फरशीवर पडला. तू माजघरात वेणी घालत होतीस. मला दारातून दिसत होतं. तुझे खांदे वर कानांपर्यंत गेले, फणी हातातून पडली, आणि तू ताडकन उठून म्हणालीस, आणते. कुणी काही मागितलेलं नव्हतं. पुढचे दोन दिवस मी पाहत होते. तू पाठ भिंतीला लावून जेवायचीस. आपल्याच घरात पाणी प्यायला मला विचारायचीस. झोपेत कूस बदलताना बांगड्या हातानं धरून ठेवायचीस, वाजू नयेत म्हणून. मनगटावर काळंनिळं होतं ते तू उखळ-मुसळाचं म्हणालीस. मी हे सगळं पाहिलं आणि शेजारणींना अभिमानानं सांगितलं की पोरीला सासरी चांगलं वळण लागलं. आत्यांनी एकदा म्हटलं, वहिनी, पोर भ्यालेली दिसती. मी म्हटलं, भ्यालेली नाही, शहाणी झाली आहे.

जायच्या आदल्या दिवशी तू मला विचारलंस, आणखी आठ दिवस राहू का. मी म्हटलं, सोमवारी पोचवायचा शब्द दिला आहे. तू पुन्हा विचारलं नाहीस. सोमवारी गाडीत बसताना तू मला नमस्कार केलास, तेव्हा तुझे हात गार होते. तेही मला आठवतं आहे. आठवण माझी पक्की आहे, वाचता मात्र आलं नाही.

मग अधिकात जावईबापू एकटे आले. धोंडे केले होते, अनारसे केले होते. पाटाभोवती रांगोळी घातली होती. जेवताना ते नीट बोलत होते, आप्पांच्या गुडघ्याची चौकशी केली. आत्यांनी विचारलं, दानम्मा का नाही आली. मन्मथराव म्हणाले, तिला आमच्या घरची सवय व्हायला पाहिजे, आता होत आली आहे. हे त्यांनी तुसडेपणानं म्हटलं नाही. नव्या बैलाबद्दल बोलावं तसं समाधानानं म्हटलं. मग त्यांच्या ताटाशेजारचा तांब्या रिकामा झाला. मी भरून आणायला उठतच होते. ते रागावले नाहीत, हाकही मारली नाही. फक्त तांब्या उचलून फरशीवर परत ठेवला, जरा जोरात. ठण्ण आवाज झाला. ते पाणी मागणं होतं. तुमच्या घरी पाणी तसंच मागतात, हे मला तेव्हा समजलं. आणि पाणी यायला वेळ लागला तर पुढं काय होतं, तेही तुझ्या खांद्यांनी मला वर्षापूर्वी सांगून ठेवलं होतं.

मी पाणी आणलं. वाण दिलं, वस्त्र दिलं, फाटकापर्यंत पोचवायला गेले. मग परत येऊन शेवयांच्या पाटावर बसले. पाट भिंतीला उभा केलेला होता, तो आडवा घालून बसले. आत्यांना वाटलं मला काही शोधायचं आहे. मला चैत्रातली ती वेळ परत आणायची होती. कार्ड परातीखाली असताना, हात चालू असताना, मला काय वाटत होतं ते मला तेव्हा कळलं होतं. चांगलं कळलं होतं. म्हणूनच मी ते कार्ड वाचलं नव्हतं. आणि त्यानंतर तीन महिने मी ते स्वतःलाही पुन्हा सांगितलं नव्हतं.

आता तुला सांगते. हे वाचून तू कागद चुलीत टाकलास तरी चालेल, पण पूर्ण वाचून टाक. कार्ड बघितलं, कोपरा बघितला, घाटनांदूर ऐकलं, आणि माझ्या मनात एकच शब्द आला: सुटली. दुसरं काही नाही. दुःख नाही, भीती नाही. छातीवरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं मला हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याचा मला इतका धसका बसला की मी ते तपासायला बसले. गोळा ओढता ओढता मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारत होते, हे खरंच मला वाटतं आहे का. वाटत होतं. ज्या आईला लेकीचं मरण सुटका वाटतं, तिला लेकीचं जिणं काय आहे ते माहीत असलंच पाहिजे. म्हणजे मला ते पंचमीपासून माहीत होतं. माहीत असून मी तुला सोमवारी गाडीत बसवलं होतं. मग कार्ड वाचलं, तू सुखरूप होतीस, आणि मी रडले. त्या रडण्यात आनंद नव्हता असं नाही. पण त्यात जे जास्त होतं ते हे, की म्हणजे पोर अजून तिथंच आहे, आणि आता तिच्याबरोबर आणखी एक आहे. गाव म्हणतं ते खरं आहे. मी तू जिवंत असल्याचं ऐकून रडले.

हे मी परवा आप्पांना सांगितलं, सगळं, शब्द न बदलता. ते म्हणाले, नांदती लेक परत आणली तर बाजारात तोंड कसं दाखवायचं, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, "लोक चैत्रात रडले आणि त्याच संध्याकाळी साखर खाऊन गेले. त्यांना जे काही येईल ते दोन दिवसांत ओसरेल. माझं ओसरत नाही." आप्पा उठले, भिंतीला हात लावून उभे राहिले आणि म्हाळूला हाक मारून त्यांनी विचारलं की गाडीच्या आखाला वंगण आहे का. तुझे आप्पा असेच बोलतात.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते. मी सोमवारी लिहिते आहे. तू वाचशील तेव्हा मंगळवारची दुपार असेल आणि मी घाटनांदुरातच असेन, मठाच्या मागं चिंचेखाली गाडीत. आप्पा या वेळी तुझ्या सासऱ्यांच्या दुकानात बसलेले असतील. रेवणसिद्धआप्पांशी जे बोलायचं ते तेच बोलतील, तुला त्यात उभं राहायचं काम नाही. ही गाडी सणाला न्यायला आलेली नाही आणि तुला परत पोचवायची तिथी कुणालाही दिलेली नाही. मी आत येत नाही, कारण समोर आले की माझा चेहरा कोरडाच राहील, आणि त्या चेहऱ्यावर तू मागच्या पंचमीला एकदा विसंबलीस ते पुष्कळ झालं. म्हणून लिहून दिलं. पोरीला घे, तिची दुपटी घे, बाकी काही घेऊ नकोस. आज जमलं नाही तर गाडी उद्याही इथंच आहे आणि परवाही. मठात राहायचं स्वामींना विचारून ठेवलं आहे. माझ्यावरून उठलेलं तुझं मन जागेवर यावं अशी माझी अट नाही. रागावायचं असेल तर घरी येऊन रागाव, तिथं तुला कुणी घाई करणार नाही.

चिंचेखाली वाट पाहणारी,
तुझीच आई
शिवकांता